संमतीपत्रावर लिहिलेलं खोटं कारण

प्रिय थोरले,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आज मी फार खूश आहे आणि घरात ऐकायला कोणी नाही. धाकटी दंड दुखतोय म्हणून भांडी टाळून मैत्रिणीकडे पळाली आहे.

शाळेच्या नर्सबाई तुला आठवत असतील. फळ्यावरचं दिसत नाही अशा मुलींना हाताला धरून आपल्या चष्म्याच्या दुकानात आणतात, त्याच. गेल्या महिन्यात त्यांनी धाकटीच्या वर्गातल्या मुलींच्या घरी संमतीपत्रं पाठवली. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो. तो टाळणारी लस शाळेतच मिळणार होती. मी नकाराच्या चौकटीत खूण केली आणि कारण लिहिलं, 'आमच्या घरात हा आजार नाही.'

दुकानात येणारे पालक विचारू लागले, तुम्ही काय केलंत? मी सांगत गेलो. चष्म्याचा नंबर अचूक काढणारा माणूस विचार करूनच बोलत असणार, असं त्यांनी धरलं. एक्केचाळीस मुलींपैकी सव्वीस जणींच्या घरून नकार गेला.

मग नर्सबाई माझा कागद घेऊन दुकानात आल्या. वाटलं, आता झापतात. पण स्टुलावर बसून हळूच म्हणाल्या, "दादा, वहिनींना तपासायला मीच नेलं होतं. रिपोर्ट मीही वाचलाय."

हे वाचून तू थांबशील. तुला, मामाला, सगळ्यांना आम्ही आईला आतड्याचा कॅन्सर झाल्याचं सांगितलं होतं. ते खोटं होतं. लोक भलतंसलतं बोलतील, असं तुझी आईच म्हणायची आणि मलाही तेच वाटायचं.

नर्सबाईंनी समजावलं, की हा विषाणू सर्रास आढळतो, त्यात कोणाच्या वागणुकीचा प्रश्न नाही, आणि लस लहान वयात घेतलेली सर्वांत चांगली. "लाज तुम्हाला वाटतेय आणि भोगायचं पोरींनी, होय?" उठता उठता म्हणाल्या, "शनिवारी पालकसभा आहे. माझं ऐकणारे पंधराच. बाकीचे तुमचे."

सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, माझी बायको याच आजाराने गेली. मी कागदावर खोटं लिहिलं. माझं बघून ज्यांनी नकार दिला, त्यांनी आता माझं बघूनच तो मागे घ्यावा.  मग मागून बेकरीवाला ओरडला, "अहो चष्मेवाले, हे आधी नाही का सांगायचं? पेन आहे का कुणाकडे?" एका आजींनी तर सुनेसाठीही कागद मागितला. नर्सबाईंनी त्यांना सुनेची तपासणी कुठे होते ते लिहून दिलं.

आज चाळीस मुलींना लस मिळाली. एकीला ताप होता, तिला पुढच्या आठवड्यात. टोचल्यावर प्रत्येकीला पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. धाकटी पहिल्या नंबरावर! मी डोळे मिटले, तर म्हणते, "बाबा, सुई मला टोचतायत, तुम्हाला नाही." सगळा वर्ग हसला. नर्सबाईसुद्धा. मीही किती दिवसांनी हसलो.

आता लिहिण्याचं खरं कारण. तू पंचविशीची झालीस. तुझ्या वयातही लस घेता येते, डॉक्टरांना विचार. आणि लस घेतली तरी ठरावीक वर्षांनी तपासणी करावीच लागते, असं नर्सबाई सांगतात. आईने त्रास सात महिने अंगावर काढला आणि मी एकदाही विचारलं नाही. हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. याच आठवड्यात दवाखान्याची वेळ घे आणि मला कळव. मी येतो. तू आत जाशील तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहीन. आईच्या वेळी मी दुकान उघडून बसलो होतो.

तुझाच,
बाबा