लाल खडूची रेघ

भोर, मंगळवार, संध्याकाळ

"तुला खरं सांगितलं, तरी तू गोष्ट समजून हसतेस," असं आई एकदा म्हणाली होती. आज वर्गात तेच झालं.

नववीला मी इंग्रजीतले अलंकार शिकवत होते. मुलांनी आईवर एकेक वाक्य लिहायचं, मी त्यातला अलंकार सांगायचा. 'आई मधासारखी' म्हणजे सिमिली, उपमा; 'आई आमची सावली' म्हणजे मेटाफर, रूपक. मग डोंगरावरच्या धनगरवस्तीतली सारिका उठली. 'माझी आई बाबांना पाठीवर घेऊन डोंगर उतरली,' असं तिने इंग्रजीत वाचलं.

मी चक्क टाळी वाजवली. "वा! हीच हायपरबोली, अतिशयोक्ती!" वाक्य फळ्यावर लिहून खाली लाल खडूने रेघ ओढली.

"बाबा काय कोकरू हाय व्हय गं?" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मीही हसले. का हसले?

"बाई, खरंच न्हेलं हुतं," सारिका म्हणाली. "साप चावला हुता. वस्तीला रस्ता न्हाई. बाबा वाचलं, पर आईची कंबर गेली."

आणि मी? "बरं, बस खाली," एवढंच. रेघसुद्धा पुसली नाही. शाळा सुटताना पोरं तिला 'हायपरबोली' म्हणून चिडवत होती. ती लाल रेघ डोळ्यांपुढून जात नाही.

त्या वाक्यात अलंकार नव्हताच, हे उद्या मी सगळ्यांसमोर सांगेन. पण वाक्य तिच्याच तोंडून ऐकायला हवं. नाहीच म्हणेल ती. तरी विचारणार आहे: सारिका, एकदा पुन्हा वाचशील का गं?