मनातल्याचा एक पैसा

इंदूर, गुरुवार, रात्र

आज शिकवणीच्या बाईंनी इंग्रजीतला एक वाक्प्रचार शिकवला, 'अ पेनी फॉर युअर थॉट्स'. कुणी हरवल्यासारखं गप्प बसलं असेल, तर हळूच म्हणायचं, मनात काय चाललंय ते सांग, एक पैसा देते. किती गोड! दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी माझे सासरे, मामंजी, ओट्यावर बसले होते. संस्थान गेलं, हत्तीखान्यातली नोकरी गेली, तेव्हापासून ते असेच शून्यात बघत बसतात. धीर करून म्हटलं, "मामंजी, कसला विचार करताय? सांगितलंत तर एक पैसा देईन. इंग्रजीत असंच विचारतात."

ते चमकले. मग म्हणाले, "नवा पैसा की पुराना?" आणि चक्क हसले! सरकारने नवे पैसे नुकतेच काढलेत ना!

मग बोलतच सुटले. खान नदीत हत्ती डुंबायचे, सोंडेतून उडालेलं पाणी उन्हात चमकायचं, त्यांच्या ओल्या कातडीचा वास घरापर्यंत सोबत यायचा. मला तो वास खरंच आला. की भास? आत्ता लिहितानाही येतोय.

एकदम थांबून त्यांनी विचारलं, "आणि सूनबाई, तुमच्या मनात काय आहे?"

लग्न होऊन आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "मला कॉलेजात जायचंय."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. मग "मी बोलतो घरात," एवढंच म्हणाले आणि उठले.

आता आतून सासूबाईंचा आवाज येतोय, चांगलाच चढलेला. पण मामंजी बोलायचे थांबत नाहीयेत.