जुन्या आकड्याच्या खाली नवा

अप्पा, काल टपालानं प्रयोगशाळेचा कागद आला, तपासणीचे दोन हजार आधीच भरले होते; उरलेल्या हळदीच्या पाच डब्याही परत आल्या, त्यांच्या टपालाचे साठ रुपये वेगळे. आमच्या अर्धापूरच्या बायकांच्या गटाची ही पहिली हळद, पाच शेतांतली, गिरणीत वेगवेगळी दळलेली. कागदात लिहिलंय, चार नंबरच्या डबीत शिसं आहे. पण चार नंबर म्हणजे कुणाचं शेत? गिरणीवाल्याचे आकडे वेगळे, हळदीवर संशोधन करणाऱ्या मॅडमच्या संगणकात शेतांचे गट नंबर, आणि डब्यांवर माझे एक ते पाच. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. बायका म्हणाल्या, "कंधारच्या मावशीचीच असंल. नवं माणूस हाय." मावशी नुसत्या पदराला हात पुसत राहिल्या.

तुम्ही लातूरच्या अडतीत मापाडी. मी लहान, तुमच्या जेवणाचा डबा घेऊन आलेय, आणि पोती छान दिसावीत म्हणून ओल्या फडक्यानं गेरूचे आकडे पुसतेय. तुम्ही येता, बघता. "पोरी, आता माल कुणाचा हे महादेवाला विचारू?" संध्याकाळपर्यंत मला शेजारी बसवून एकेक पोतं उघडलंत, दाणा बघून धनी शोधलेत. मग म्हणालात, आपला आकडा जुन्याच्या खाली घालायचा, जुना पुसायचा न्हाई.

म्हणून आज पूजा आटोपली आणि पाचीजणींच्या घरी राखलेली अख्खी हळद घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, माझा नंबर माझ्यापुरता. लोकांचे कशाला लिहू?"

"मग भाऊ, ह्या परत आलेल्या पाच डब्या कुणाच्या ते ओळखून दाखवा. मी निघते."

तो हसला आणि पेन मागितलं. आता प्रत्येक नव्या डबीवर शेताचा गट नंबर, त्याखाली गिरणीचा, त्याखाली माझा. मॅडमनी फोनवर तिन्ही तसेच उतरवून घेतले. पुन्हा दोन हजार लागतील. लागू देत, माझ्या बचतीतून देईन.

एक राहिलं. पहिल्या वेळी पोत्यांत शेतांच्या चिठ्ठ्या होत्या. मळक्या दिसल्या म्हणून मीच चुलीत घातल्या. मावशींना हे अजून सांगितलं नाही. सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे पत्र देव्हाऱ्यात तुमच्या तसबिरीखाली ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवू? तरी रागावलात का, तेवढं उलट टपाली कळवा.