मकिंडूला गाडी थांबली

२४ मार्च, शनिवार

नैरोबीच्या लॉरीतून आलं ते — टायर सहा, नवे, अकराशे चाळीस शिलिंग. मागचे शॉक ॲब्सॉर्बर दोन, दोनशे दहा. गाडीच्या पोटाखाली लावायची जाड पत्र्याची ढाल, एकशे साठ. ही आपल्याच गॅरेजात ठोकून झाली असती, पण ह्यांना आयती हवी. हेल्मेट एक, पोराचं, लोचीचं, पंच्याण्णव. मोठ्या मापाचं, कारण आत केसांचा जुडा मावला पाहिजे. लॉरीवाल्याला पाच. घरचं पीठ आणि तूप वेगळ्या पानावर.

हे म्हणतात, रॅलीचा खर्च संसाराच्या वहीत लिहू नकोस, ती गॅरेजची जाहिरात आहे. मी म्हटलं, पैसा कुठल्या खिशातून गेला ते वहीला कळत नाही.

२६ मार्च, सोमवार

स्वीडनचा साहेब आज नाकुरूला, आमच्या गॅरेजात आला. हॅल्व्हरसन नाव. एका परदेशी कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या त्याच्या हाताखाली आहेत. चहा आणि मठरी दिली. मठरी चार खाल्ल्या, म्हणजे आवडली.

बोलणं सरळ झालं. यंदाच्या ईस्टरच्या रॅलीत जे स्वतःच्या गाड्या घेऊन उतरतील, त्यांतला जो पहिला येईल त्याला कंपनी आपल्या गाडीत बसवणार. वर्षाचा करार. पगार, राहणं, फिरणं सगळं त्यांचं. स्वीडन, पोर्तुगाल, ग्रीस. मॅट्रिकच्या भूगोलात ही नावं पाठ केली होती, पुढे कधी कामाला आली नाहीत.

लोचीने चहाला हात लावला नाही. निवून साय धरली. साहेबाने मला विचारलं, केस हेल्मेटमध्ये नीट बसतात का? आदराने विचारलं, तरी मला टोचलं. हे हसून म्हणाले, केसांच्या मालकीणबाई ह्याच, त्यांनाच विचारा.

साहेब गेल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. लोचीपेक्षा ह्यांनाच जास्त हवंय. "जन्मभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा झालो. हा तरी गाडीत बसू दे."

२९ मार्च

माझ्या भावाचे दोन्ही मुलगे बर्मिंगहॅमला गेले. पहिल्या वर्षी फोटो आला, पगडी बांधलेली. दुसऱ्या वर्षीच्या फोटोत पगडी नाही, केसही नाहीत. तिसऱ्या वर्षी फोटोच नाही. वहिनी अजून टपाल्याची वाट बघते.

मला एकच आहे.

१ एप्रिल, रविवार

गुरुद्वाऱ्यात माथा टेकताना मनात सुखणा, म्हणजे नवस, बोलले. हे कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. इथे लिहिते, कारण मनातलं बोलणं मागाहून सोयीने बदलता येतं.

बोलले ते असं — लोची रॅलीतून धडधाकट घरी येऊ दे. आणि ती जागा त्याला मिळू देऊ नकोस. असं झालं तर अखंड पाठ ठेवीन, आणि माझ्या दोन बांगड्या लंगरला देईन.

गुरूशी सौदा करू नये असं आमच्या गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी भाई अजैबसिंग दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, संक्रांदीला, सांगतात. सगळ्या बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन सौदा करतात. मीही त्यांतलीच.

७ एप्रिल

दोघं चार दिवस रस्ता बघून परतले. धुळीने इतके माखलेले की अंगणातच पाणी ओतलं. लोची गाडी चालवतो, गिचुरू शेजारी बसून वहीतून रस्ता वाचून दाखवतो — पुढे डावं वळण, पुढे खड्डा, पुढे नदीचा उतार. हा गिचुरू आमच्याच गॅरेजात फिटर. त्याची आई आमच्या दाराशी सुकुमाची भाजी विकायची तेव्हापासून आमच्या अंगणात आहे. मला लोचीसारखं बीजीच म्हणतो, म्हणजे आई. आमची बोली लोचीपेक्षा नीट बोलतो.

जेवताना गिचुरूची तक्रार. "बीजी, तुमचा मुलगा गाय दिसली की वळतच नाही. म्हणतो, गाय समजूतदार असते, ती सरकेल."

लोची म्हणाला, "सरकली की नाही?"

"गाय सरकली. मी प्रार्थना केली म्हणून."

"कोणाची?"

"तुझ्या आणि माझ्या, दोन्ही देवांची. वेळ थोडा होता."

मी वाढता वाढता हसले. मग स्वयंपाकघरात येऊन बसले. किती चांगली चालवतो तो गाडी, हे मला कळतं. मला गाड्यांतलं काही कळत नाही असं घरात सगळे धरून चालतात. पंचवीस वर्षं गॅरेजच्या मागच्या खोलीत काढली. इंजिनाच्या आवाजावरून सांगते, पोराचा पाय हलका आहे. गाडीला ओरडायला लावत नाही. ही देणगी असते.

१३ एप्रिल

बैसाखी. लंगरला पीठ दिलं, वीस शिलिंगचं. साहेबही आला होता, डोक्याला रुमाल बांधून. पंगतीत मांडी घालता येईना, पाय पसरून बसला. पोरं हसली.

१८ एप्रिल, बुधवार

उद्या रॅली सुटणार. आम्ही बायका बसने मकिंडूला जाणार, सेवेला. मोंबासाच्या रस्त्यावरचा हा गुरुद्वारा — आमच्यातला कोणीही त्याच्यासमोरून न थांबता पुढे जात नाही. लॉरीवाले सोमालीसुद्धा थांबून जेवतात. कोणाला जात-धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत.

ह्यांनी पेट्रोलची व्हॅन मुद्दाम त्याच्या फाटकासमोर उभी करायची ठरवलीय. मोंबासाहून परतताना लोची तिथे पेट्रोल घेणार. म्हणाले, "माणसांच्या जेवणाचा खर्चही वाचेल आणि बाबांच्या दारात तेल भरल्यासारखंही होईल." काटकसर मी शिकवली, भक्तीशी तिची सांगड ह्यांनी घातली.

भाई अजैबसिंग आमच्याच बसमध्ये आहेत.

२१ एप्रिल, शनिवार, मकिंडू

काल रात्रीपर्यंतच्या खबरीनुसार लोची खाजगी गाड्यांत पहिला. दुसरा नान्युकीचा एक गोरा, कॉफीवाल्याचा मुलगा. तो काही मिनिटं मागे.

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी मी पोळ्या लाटत होते. भाईजी आले. म्हणाले, मुलगा थांबेल तेव्हा त्याच्यासाठी गुरूपुढे अरदास करू, पेट्रोल भरेस्तोवर होऊन जाईल. मग विचारलं, "बेटी, चार ओळींची करू, की पूर्ण?"

माझ्या हातात पीठ होतं. चार ओळींची म्हणजे हात जोडले, नाव घेतलं, झालं. पूर्ण म्हणजे दहा गुरूंपासून सगळे शहीद, सगळी तख्तं, सगळी संगत. आणि एकदा सुरू झाली की कोणी हलत नाही. लहान मूलही नाही. हे मला ठाऊक होतं. भाईजींना वाटलं असेल, आईचं मन आहे.

मी म्हटलं, "पूर्ण."

दुपारी गाडी आली. धूळ आधी आली, मग गाडी. लोची हेल्मेट काढून खाली उतरला, पटका बांधलेला. मी कडाह प्रसाद त्याच्या ओंजळीत घातला. त्याने तो तोंडात टाकला आणि भाईजींनी अरदास सुरू केली.

सगळे उभे राहिले. ह्यांच्या हातात पेट्रोलचा डबा होता, तो खाली ठेवून हात जोडले. टाकी भरली होती, झाकण लावायचं राहिलं होतं. चाक बदलणाऱ्या पोराने पाना जमिनीवर ठेवला. लोचीने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

गिचुरू गाडीतच होता, मांडीवर वही, हातात घड्याळ. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिशातून रुमाल काढून डोक्यावर ठेवला, उतरला आणि लोचीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

भाईजींचा आवाज संथ. त्यांनी एक शब्द गाळला नाही. मधेच नान्युकीच्या गोऱ्याची गाडी समोरून गेली. आमच्या सगळ्यांवर धूळ बसली. कोणी डोळे उघडले नाहीत. मी उघडले.

शेवटचं "सरबत दा भला" झालं — सगळ्यांचं भलं होवो. दोघं गाडीत बसून गेले. लोचीने जाताना मला हात केला, नेहमीसारखाच.

हे झाकण पुसत म्हणाले, "भाईजींना आज काय झालं होतं?" मी म्हटलं, पोळ्या करपतील.

२३ एप्रिल, सोमवार, नैरोबी

दोघं सुखरूप. गाडीचा पुढचा दिवा फुटला, बाकी काही नाही.

खाजगी गाड्यांत दुसरा. नान्युकीचा पहिला. दोघांत जेवढं अंतर, तेवढ्यात अर्धी अरदासही होत नाही.

२४ एप्रिल

साहेबाने लोचीला हॉटेलात बोलावलं होतं. हेही गेले. परत आल्यावर ह्यांनी सांगितलं ते असं. साहेबाने वेळेचा तक्ता पुढे ठेवून विचारलं, मकिंडूला काय बिघडलं? लोचीने सांगितलं, काही बिघडलं नाही, प्रार्थना चालू होती, उभा राहिलो. साहेब म्हणाला, तुझ्यासारखा हात मी इथे दुसरा पाहिला नाही, पण शर्यतीच्या मध्यावर मनाला येईल तिथे थांबणाऱ्याला मी कंपनीची गाडी कशी देऊ?  साहेबाने पुन्हा विचारलं, कोणी सांगितलं होतं का थांबायला? तर म्हणाला, नाही, माझा मीच थांबलो.

सांगून हे बूट न काढताच खाटेवर आडवे झाले. लोची मोरीत पाय धूत होता. मी टॉवेल दिला. म्हणाला, "बीजी, भूक लागलीय."

२८ एप्रिल

लोची सकाळी आठला गॅरेजात, संध्याकाळी घरी. रॅलीचा विषय नाही. लॉऱ्यांचे गिअरबॉक्स खोलतो. पोळी चार खातो. पगडी रोज नीट बांधतो. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं.

३० एप्रिल

बाजारात जुन्या कपड्यांच्या रांगेत गिचुरूची आई भेटली. हातात पुरुषाचा लोकरीचा कोट. भाव करत होती, घ्यायला नव्हे, विकायला. मला बघून म्हणाली, गिचुरूने बर्फाच्या देशासाठी घेतला होता, पस्तीसला. आता हा मेला वीसच देतो म्हणतोय. तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकेल.

मी तिथेच उभी. साहेबाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ड्रायव्हरसोबत त्याचा वाटाड्याही घेणार. ते माझ्या कानावरून गेलं होतं. सुखणा बोलताना तो माझ्या मनातही नव्हता. एकच आहे म्हणाले आणि दुसऱ्या बाईचाही एकच घेतला.

त्या माणसाशी मी भाव केला. अठ्ठावीस दिले त्याने. म्हातारीने माझे हात धरले. मला ते सोडवून घेता येईनात.

४ मे, शुक्रवार

बांगड्या रुमालात बांधून गुरुद्वाऱ्यात गेले. बोललेलं फेडायला हवं. भाईजींनी अखंड पाठाची तारीख धरली, वही उघडली, पेन घेतलं. "कशाच्या खुशीचा म्हणून लिहू, बेटी?"

मी रुमालाची गाठ सोडत राहिले.

ते थांबले. मग पेन खाली ठेवून हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी विचारलं होतं. तू म्हणालीस पूर्ण. मला वाटलं, तुझी श्रद्धा."

मी म्हटलं, "भय होतं."

"मुलाला ठाऊक आहे?"

"त्याने साहेबाला सांगितलं, माझा मीच थांबलो."

भाईजींनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे ठाऊक आहे." पाठाचं पान कोरं सोडलं. बांगड्या घेतल्या नाहीत.

५ मे

सकाळी लोचीला पराठा वाढताना विचारलं, तू अरदास अर्धी सोडून का नाही गेलास? तो म्हणाला, "तू उभी होतीस." एवढंच. वर दही मागितलं.

६ मे, रविवार

पत्राची नक्कल. इंग्रजीत पाठवलं, ते इथे आपल्या भाषेत. टपाल, हवाई — एक शिलिंग पन्नास.

श्री. हॅल्व्हरसन यांस, नमस्कार. मकिंडूला माझा मुलगा तरलोचन आणि त्याचा सोबती गिचुरू आपल्या मनाने थांबले नाहीत. प्रार्थना थोडक्यात होऊ शकली असती, ती लांबवायला मीच सांगितलं होतं, त्याने तुमच्याकडे जाऊ नये म्हणून. आमच्यात अशा वेळी कोणी निघून जात नाही, हे मला माहीत होतं. तो तुमच्याशी जे खोटं बोलला ते माझ्यासाठी. दोघांना पुन्हा एकदा गाडी देऊन बघा. मी रस्त्यावर कुठेही उभी राहणार नाही. उत्तर माझ्या नावे नको, त्याच्या नावे, गॅरेजच्या पत्त्यावर पाठवा, आणि माझं हे पत्रही त्यात घाला. उलट टपाली कळवा.