साखर दोनशे नव्वद

१४ मार्च, दुपारी तीन
प्रयोगशाळेतून

दादा,

नमस्कार. मी बरी आहे, पोरंही मजेत असतील. झाली रीत पुरी. आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर पोट फुटेल माझं. बाबांना मधुमेह नाही! नव्हताच कधी.

फोन तू उचलत नाहीस. काल घरी आले तर आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीस. म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देतेय. फाडायचं तर वाचून फाड.

हार्ट अटॅक आला म्हणून बाबांना इथे आमच्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा साखर दोनशे नव्वद होती. त्यांच्या रक्ताची नळी मीच मशीनला लावली होती. दोन दिवस इन्सुलिन दिलं, मग बंद केलं. आज सहाव्या दिवशी उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव! वाटलं मशीन बिघडलं, म्हणून दुसऱ्यावर लावली, तरी तेच. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. पाच पूर्णांक चार, अगदी नॉर्मल. रिपोर्ट घेऊन ओल्या लादीवरून पळत सुटले, तर सफाईवाल्या मावशींनी मला यथेच्छ झापलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की अख्खं शरीर हादरतं. मूत्रपिंडांवरच्या एवढ्याशा ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं धो धो सोडतात. मग यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, चरबीही वितळून येते, आणि साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. आग लागलेल्या घरात माणसं हाताला येईल ते बाहेर फेकतात, तसं. ती साखर बाबांच्याच शरीराने सोडलेली होती. तुझ्या बेकरीतली नव्हती रे.

आणि मी काय केलं? आकडा वाचला, तशी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "रोज केक चारून बाबांना मारलंस तू." तू चपला घातल्या आणि गेलास. एका आकड्यावर निकाल लावू नका, हे बारा वर्षं मी नव्या मुलींना शिकवतेय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तेव्हापासून भट्टी पेटवली नाहीस, असं वहिनी म्हणाली. दादा, पेटव. बाबा रोज विचारतात, थोरला का येत नाही. मी थापा मारते, कामात आहे म्हणते. आता थापाही संपल्या.

एवढं लिहूनही खरी गोष्ट टाळतेच आहे. लिहूनच टाकते. त्या सकाळी छातीत जळजळतंय, असं बाबांनी मला सांगितलं होतं. मला कामावर पोचायची घाई. पित्त झालंय, गोळी घ्या म्हटलं, डबा उचलला आणि निघाले. ते तीन तास एकटे घामाघूम बसून होते. दहा वाजता तू नेहमीसारखा केक द्यायला आलास, म्हणून जगले.

बाबांनी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मला विचारलंही नाही. मला तो दोष सोसवत नव्हता, हाती आकडा लागला आणि समोर तू होतास. मी चुकले, दादा.

रविवारी अकराला त्यांना घरी सोडतील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांना न्यायला ये.

स्वतःच्या चुकीचं खापर तुझ्या माथी फोडलेली,
तुझी धाकटी