दोन डाव्या बाह्या

बारा तारीख. बहुधा. कॅलेंडरचं पान कुणी उलटलेलंच नाही.

ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, माझ्या गुंडीच्या दोन्ही गालांवर पापे. इकडे सगळं ठीक. रविवारी तू तिला घरी आणून सोडतेस हे वाचून केवढा आनंद झाला! लगेच तिचा फ्रॉक शिवायला घेतला. मशीन दुरुस्तीला दिलंय, म्हणून हातशिलाई. सोबत पाठवतेय.

फार निरखून बघू नकोस. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. मी, पंधरा वर्षं शिवणारी! ह्याला दाखवलं तर म्हणाला, "बरंय की, घालताना पोरीचा गोंधळ नाही." दोघं खूप हसलो. मग मी रडत होते आणि हा हसतच होता. की उलट होतं?

ह्याची पाठ बरी आहे. म्हणजे फरशा बसवायला जात नाही, पण दुखत नाही म्हणतो. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, त्याला वर्ष झालं. ह्याच्या चालूच आहेत. दुसरीकडून मिळतात.

हे तुला आधी लिहिलंय का मी? लिहिलं असेल तर टाकलं नसेल पेटीत.

ह्याला गोळ्या खाण्याचा काही धरबंध राहिला नव्हता गं. मला वाटलं, प्रत्येक गोळीतली अर्धी मी घेतली तर ह्याच्या वाट्याला अर्धीच येईल. ब्लेडने बरोबर मधोमध कापायची. "तुझ्याइतकं सरळ कुणी कापत नाही," म्हणायचा. कमी करायलाच निघाले होते, खरंच. आता हा माझ्याआधी उठला तर मी डबी तपासते. काल ह्याने माझी उशी उसवून बघितली. काल की परवा.

आणि किल्ली हरवली होती, हे खोटं. गुंडी दुपारभर जिन्यात बसली तेव्हा आम्ही दोघं आतच होतो. कडी मीच लावली होती. तिने दार वाजवलेलं मला ऐकू येत होतं, ताई. कुणाचं तरी दार वाजतंय, एवढंच वाटत होतं.

मशीनही दुरुस्तीला नाही. विकलं.

उपचार घ्यायचं ठरलंय. हा म्हणतो, पुढच्या आठवड्यात, दोघं मिळून जाऊ. मी म्हणते बरं. किती आठवडे म्हणतोय, आठवत नाही.

रविवारी तिला आणू नकोस. सकाळपासून मी काही घेतलेलं नाही, अक्षरावरून कळेलच. उद्या मी फोन करीन, गोड बोलेन, "आण गं, सगळं छान आहे" म्हणेन. तुला खरं वाटेल. मलासुद्धा. तुझ्या दारात येऊन गुंडीला मागितलं तरी देऊ नकोस. हे पत्र माझ्यापुढे धर.

एक बाही उसवून नवी लाव. तिची मापं आता तुझ्याकडेच आहेत.

हे लिहीपर्यंत शुद्धीवर असलेली,
तुझी धाकटी