ह्यांचा पाचवा फोन

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा घेतला! तीन वर्षांत पाचवा. ह्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, जुना हँग होत होता. काल त्याच जुन्यावर दोन तास क्रिकेट बघितलं, तेव्हा नाही झाला हँग!

मग नेहमीचं सत्तांतर. ह्यांचा जुना माझ्याकडे, माझा जुना आईंकडे — सासूबाईंकडे — आणि आईंचा कपाटाच्या खणात, आधीच्या मंडळींशेजारी. खाज एकाला सुटते आणि खाजवायला आम्ही तिघं. म्हटलं, माझा चांगला चाललाय, मला नको. तर म्हणे, तुला कशाची हौसच नाही.

हौस! मी अजून सात वर्षांपूर्वीची पर्स वापरते.

५ फेब्रुवारी

आईंनी नणंदेला म्हणून लावलेला फोन गॅसवाल्याला लागला. ते कळायच्या आत त्यांनी त्याला वेळेवर जेवत नाहीस म्हणून झापून घेतलं. तो बिचारा हो हो म्हणत होता. मी हसले, तर माझ्यावरच घसरल्या — "तुझाच ना हा फोन? तुझ्यासारखाच आहे, सांगितलेलं ऐकत नाही." मग मीही सोडलं नाही. ओला टॉवेल दारावर टाकण्यापासून सगळं निघालं. अर्धा तास छान गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

चष्म्यांच्या दुकानात माझ्याकडे आज एक बँकेतले गृहस्थ आले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, काचेवर ओरखडे, नंबर वाढून चार वर्षं झालेली. मी नवी फ्रेम दाखवायला लागले तर म्हणे, काडी तेवढी बसवून द्या, अजून चालेल. हातात फोन मात्र दोन महिन्यांपूर्वीचा! जुन्याला काय झालं विचारलं. काही नाही हो, ऑफिसात सगळ्यांनी बदलले.

आता ठरवलं, नंबर तपासताना प्रत्येकाला विचारायचं. संध्याकाळपर्यंत चौघांनी सांगितलं. एकीचा पडला (गादीवर). एकाला कॅमेरा चांगला हवा होता. फोटो कसले काढता म्हटलं, तर गॅलरीतल्या एकाच कुंडीचे अकरा फोटो दाखवले. तिसरा म्हणाला, बॅटरी. चौथा एकटा खरं बोलला — साडूने घेतला.

१२ फेब्रुवारी

आजपर्यंत सतरा जण. पैकी तेरा जणांचा जुना फोन अजून चालू आहे. माणसांना दिसत नसलं तरी चालतं, दाखवायला मिळालं पाहिजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नणंद आली होती. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, आईला डॉक्टरांकडे न्यायला हवं. फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारते. परवा मलाच विचारलं, कोण बोलतंय.

माझं डोकंच फिरलं. आईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. चारशे नंबर तोंडपाठ असायचे त्यांना! त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही, त्यांच्या मुलाला झालंय. जरा हात बसला की फोन काढून घ्यायचा, दुसरा द्यायचा. हिरवं बटण कधी खाली, कधी बाजूला, कधी नाहीच. उद्या माझी चूल अशी दर सहा महिन्यांनी हलवलीत तर मीही कणकेत साखर घालीन. हे सगळं नणंदेला सुनावलं. ती म्हणाली, वहिनी, असंच वाढत गेलं तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाईन, तू दिवसभर दुकानात असतेस.

आई दाराशी उभ्या होत्या. ऐकलं असणार. दिवसभर माझ्याशी एकदाही भांडल्या नाहीत. मला भीती वाटली.

१७ फेब्रुवारी

खणातून आईंचा सगळ्यात पहिला फोन काढला. चार वर्षं डोळे मिटून वापरायच्या तो. काच फुटलीय आणि चार्ज होत नाही, एवढंच. दुरुस्तीवाल्याकडे नेला. तोही सुरू झालाच — ताई, एवढ्या जुन्याचे पार्ट मिळत नाहीत, नवाच घ्या ना. त्याचा स्वतःचा फोन काउंटरवर पडला होता, आठ वर्षांचा, कोपरा चिकटपट्टीने धरलेला. हा का नाही बदलत? तर हसला. म्हणाला, चालतोय की.

ह्या गावात एक शहाणा माणूस निघाला! दहा दिवसांनी या म्हणाला.

२१ फेब्रुवारी

ह्यांना काही सांगितलेलं नाही. एकदा आईंनी टपाटप नंबर फिरवले, की भाऊ-बहीण दोघांनाही समोर बसवून ऐकवणार आहे. वाक्यंसुद्धा तयार आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फोन मिळाला. दुपारची सुट्टी घेऊन घरी आले, आईंच्या हातात ठेवला. म्हटलं, ओळखा बघू.

त्यांनी उलटसुलट करून बघितला. अंगठा नुसताच काचेवर फिरत राहिला. मी म्हटलं, आई, तुमचाच जुना, लावा ना लेकीला फोन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "माझाच आहे?" आणि पलंगावर बसल्या. तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. मी फोन काढून घेतला आणि उगीच चहा ठेवला.

हे आले. मी काही बोलायच्या आत टेबलावरचा फोन बघितला आणि सगळं सांगून टाकलं.

ह्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे! आईंनी ह्यांनाच एकदा फोनवर ओळखलं नव्हतं. त्याच आठवड्यात फोनांची अदलाबदल झालेली. आईच म्हणाल्या होत्या, नवीन आहे ना रे, अजून सवय नाही. आणि इतक्या सुटल्यासारख्या हसल्या, की ह्यांनी ते धरून ठेवलं. "फोन जुना झाला की तो बहाणाही जुना होतो गं. मग ती घाबरते. म्हणून मी बदलतो." डॉक्टरांना केव्हाच दाखवलंय. मी रोज सकाळी आईंना देते ती गोळी शक्तीची नाही.

मला का नाही सांगितलं? मी ओरडलेच. माझी तीन वर्षांची टोमणेगिरी आठवून मला लाज वाटत होती, म्हणून जास्तच ओरडले. ह्यांनी शांतपणे सांगितलं —

"तुला कळलं असतं तर तू तिला सांभाळून घेतलं असतंस. ते तिला एका दिवसात कळलं असतं. तू भांडतेस, म्हणून ती अजून ह्या घरातली सासू आहे."

२८ फेब्रुवारी

आई दिवसभर पलंगावर. फोनला हात लावला नाही. जेवल्या नाहीत. नणंदेचा मला फोन, आई उचलत का नाही?

१ मार्च, शनिवार

दुकानातून येताना नवाकोरा फोन घेतला. थेट आईंच्या हातात. दहा मिनिटं खटपट केली, मग म्हणाल्या, "काय मेला आणलायस, काही लागत नाही ह्याच्यावरून." म्हटलं, फोन उत्तम आहे, तुम्हांला वापरता येत नाही. कडाक्याचं भांडण झालं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी.